खाकरणारं मशीन

आमच्या घरात शिवीला बंदी होती, पण ती उंबऱ्याच्या आत. बाहेर माझे सासरे बैलांना, मोटारीच्या स्टार्टरला आणि गेलेल्या लायटीला ज्या शिव्या द्यायचे, त्या ऐकून लग्नानंतरचे पहिले काही महिने मी हातातलं काम विसरून उभी राहायची. तोच माणूस घराकडं आला की फाटकापाशी थांबून खाकरायचा, आणि उंबरा ओलांडल्यावर त्याच्या तोंडातून साधा 'मेल्या' सुद्धा निघायचा नाही.

ते खाकरणं आम्हा सुनांसाठी असायचं. पदर सावरा, हसणं थांबवा, ओसरीतून आत व्हा. एसटीच्या कंडक्टरच्या घंटीसारखं ते मी लवकर शिकले. एकदाच खाकरले तर एकटे येत आहेत, लागोपाठ खाकरले तर सोबत पाहुणा आहे, आणि ओसरीत बसल्यावर खाकरले तर चहा पाहिजे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं नाव आम्ही कधी घेतलं नाही. मी आज इथंही लिहीत नाही, सवयच नाही. एवढं सांगते की शिवरात्रीला दोनदा 'हर' म्हणून ज्याचा गजर करतात, त्याचंच ते नाव.

मामांबद्दल एक गोष्ट मी आधीच सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढच्या लिहिण्यात ते वाईट दिसतील, आणि तसे ते नव्हते.

माझे वडील वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती उचलायचे. आई दुसऱ्याच्या शेतात हळद वेचायला जायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय संगणक, तेव्हा हे स्थळ आलं. बैठकीत माझ्या वडलांनी हात जोडून सांगितलं, "आता शिक्षन बंद करून टाकतो, तुमी म्हनाल तसं." तर मामा म्हणाले, "बंद काहून करता? अर्धी शिकलेली पोरगी नेऊन मी काय करू? पुरं करून घेऊ की." आणि त्यांनी ते पुरं करून घेतलं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला ते मला स्वतः एसटीनं वसमतला न्यायचे. मी आत पेपर लिहायची आणि ते कॉलेजच्या गेटसमोरच्या लिंबाखाली धोतराचा सोगा वर घेऊन, भाकरीचं फडकं मांडीवर ठेवून बसायचे. बाहेर आले की एकच प्रश्न, "जमलं का?" मी मान हलवली की ते फडकं सोडायचे. निकालाच्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले आणि पारावर सांगितलं, आमच्या सुनेपेक्षा जास्त शिकलेली बाई या शिवारात दाखवा.

पदवीचं प्रमाणपत्र मात्र मग लोखंडी पेटीत गेलं, माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीखाली.

वसमतच्या माझ्याच जुन्या कॉलेजात संगणक शिकवायला तासावर माणसं घेतात, हे मला माहीत होतं. मी ह्यांच्याकडून, म्हणजे नवऱ्याकडून, एकदा मामांच्या कानावर घातलं. मामा "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही नव्हतं. पण ते हो व्हायला किती वर्षं लागतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. तोवर मी इतर बायांसारखी जगत होते. हळद लावणं, खुरपणं, काढणी, शिजवणं, वाळवणं. पिवळे हात आणि बोटांच्या पेरांत भेगा. संगणकाची कळपाटी मला कधीकधी दुपारी डोळे मिटल्यावर दिसायची.

मग ह्यांच्या दुकानातला जुना संगणक घरी आला. वसमतला ह्यांचं खतबियाण्यांचं दुकान होतं, तिथं नवा घेतला म्हणून हा निघाला. बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी त्याला टेबल मिळालं. ह्यांनी मागून एक वायर जोडली आणि संगणकावर लावलेला सिनेमा टीव्हीवर दिसू लागला. त्याआधी आमच्याकडं सीडी लावून सिनेमे पाहायचे, रविवारी दुपारी, सगळं घर मिळून. पुरुष बाजेवर आणि सतरंजीवर. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीच्या आतल्या बाजूला.

त्या वर्षांतल्या सिनेमांत शिव्या फार झाल्या होत्या. पोलीस शिव्या द्यायचा, गुंड द्यायचा, हिरोसुद्धा द्यायचा. शिवी आली की मामा खाकरायचे. अडचण अशी, की त्यांचं खाकरणं शिवीनंतर यायचं. त्यामुळं ज्या पोराचं लक्ष नव्हतं त्यालाही कळायचं की आत्ता काहीतरी झालं. माझी थोरली जाऊ मला कोपरानं ढोसायची आणि हळूच म्हणायची, "मामाचा इंजान मागं हाय, डबे पुढं निघून चाललेत."

ह्यांच्या दुकानातल्या इंटरनेटवर मी एक दिवस एक लहानसं मोफत सॉफ्टवेअर पाहिलं. सिनेमाच्या खाली संवादाच्या ज्या इंग्रजी ओळी येतात, त्यांची एक वेगळी फाईल मिळते. कोणती ओळ कोणत्या क्षणी सुरू होते आणि कधी संपते, हे त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. हे सॉफ्टवेअर सिनेमाच्या आधी ती फाईल वाचायचं. आपण एक यादी करून द्यायची. यादीतला शब्द ओळीत सापडला की तेवढ्या ओळीपुरता आवाज बंद. चित्र चालू, ओठ हलताहेत, आवाज नाही. मग पुन्हा सुरू.

मला त्या दिवशी काय आनंद झाला ते सांगता येत नाही. शिव्यांचं मला फारसं काही नव्हतं. पण माझं शिकलेलं काहीतरी या घराच्या कामाचं निघालं होतं. मनात मी असाही हिशेब केला, की मामांना हे आवडलं तर कॉलेजचं विचारायला तोंड मिळेल.

पहिल्या रविवारी गुंडानं पोलिसाच्या तोंडावर बोट नाचवलं, तोंड उघडलं, आणि टीव्ही गप्प झाला. मामांच्या घशात आलेलं खाकरणं घशातच राहिलं. मग आवाज आला. मामांनी टीव्हीकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं.

"आवाज का गेला रे?"

"शिवी व्हती, मामा," जाऊ दारातून बोलून गेली आणि पदर तोंडात धरला.

ह्यांनी सगळं समजावून सांगितलं. मामा बराच वेळ मान डोलवत राहिले. संध्याकाळी पारावर जाऊन म्हणाले, "आमच्या सूनबाईनं मशीनला खाकरायला शिकवलं. माझ्याहून आधी खाकरतं."

तिथूनच मी अडकले.

ते सॉफ्टवेअर आपोआप काम करतं असं मी सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. पण त्याला खायला फाईल लागायची. हिंदी सिनेमाची फाईल मिळाली तरी तिच्यातलं इंग्रजी लिहिणारा कुठं शिवी गाळून टाकायचा, कुठं सौम्य शब्द घालायचा. ओळ सभ्य आणि बोलणं असभ्य, म्हणजे मशीन फसलं. एकदा तसं झालं. नणंदेच्या सासरची माणसं बसलेली, आणि भरल्या बैठकीत एक दणदणीत शिवी सुटली. मामा खाकरले, पण सवय मोडल्यामुळं नेहमीपेक्षाही उशिरा. त्यानंतर त्यांनी ह्यांच्यामार्फत निरोप दिला, की सूनबाईनं पिच्चर आधी तपासत जावा.

तेव्हा मी तपासू लागले. दुपारी भांडी झाली की बैठकीत कुणी नसताना कानाला हेडफोन लावून मी अख्खा सिनेमा ऐकायची. चित्र लहान करून ठेवायची, कान उघडे ठेवायची. शिवी आली की थांबायचं, मागं जायचं, पुन्हा ऐकायचं, फाईलमध्ये त्या जागी शब्द घालायचा. ज्या सिनेमाची फाईलच नसे, त्याच्यासाठी मी स्वतः ओळी लिहायची. घरातल्या कुणाच्या कानावर पडू नये म्हणून त्या सगळ्या शिव्या एकट्या माझ्या कानावर पडत होत्या. यादी इंग्रजीत करायची होती. शाळेत बक्षीस मिळालेला इंग्रजी शब्दकोश माझ्याकडं होता, त्यात यांतला एकही शब्द नव्हता. कुणाला विचारणार? बोलणाऱ्याचा चेहरा आणि ऐकणाऱ्याचा राग पाहून मी अर्थ लावायची. अशा रीतीनं माझं इंग्रजी वाढलं.

जाऊ सातवीपर्यंत शिकलेली, पण जिभेनं माझ्यापुढं दहा वर्ग. ती चहा ठेवून जाताना म्हणायची, "काय बाई, आज किती वेचल्या?" तणासारख्या. मी बोटानं दाखवायची. ती म्हणायची, "माझ्या माहेरी असतीस तर आमच्या आजाच्या शिव्या वेचता वेचता एका दिसात म्हातारी झाली असतीस."

आणखी एक झालं. टीव्ही गप्प झाला की तिथं शिवीच आहे, हे आता सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पूर्वी अर्ध्या शिव्या कुणाच्या लक्षातही यायच्या नाहीत. आता प्रत्येक गप्प जागी पोरं एकमेकांकडं बघायची, ओठ ओळखायची, आणि जाऊ माझ्या कानात ती जागा भरून द्यायची. कधीकधी सिनेमातल्यापेक्षा तिचीच जास्त चांगली असायची.

मामांना यातलं काही दिसत नव्हतं. ते खूश होते. पाहुणे आले की ते मुद्दाम सिनेमा लावायला सांगायचे. मी आधीच सगळं लावून, एक कळ दाबायची बाकी ठेवून आत जायची. पुरुषमंडळी बसली की हे ती कळ दाबायचे. खुर्चीवर मी बसले आहे असं पाहुण्यांपुढं कधी झालं नाही. मामा पाहुण्यांना सांगायचे, "शिकलेली सून केली त्याचं सार्थक झालं. घर सोडून कुठं जायाची गरज न्हाई. घरातच तिचं कॉलेज हाय."

ते हे अभिमानानं म्हणायचे, आणि आत मी पिठात पाणी घालता घालता थांबायची. ज्या गोष्टीनं दार उघडेल असं वाटलं होतं, तिनंच दाराला कडी लावली. मी कामाची झाले होते, म्हणून मला सोडता येत नव्हतं. रागवावं तर कुणावर? लिंबाखाली भाकरीचं फडकं घेऊन बसलेला माणूस डोळ्यांपुढं यायचा.

एका सिनेमात जमीनदाराचा एक मुनीम होता. लबाड, चाकर वृत्तीचा. त्याचं नाव आणि मामांचं नाव एकच. जमीनदार त्याला उठता बसता नावानं हाक मारून झापायचा, एकदा तर लाथ घातली. त्या रविवारी मामा नेमके शेतात होते. सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, दारात माझ्या शेजारी बसलेल्या. पहिल्या हाकेलाच त्यांनी मान खाली घातली. तिसऱ्या चौथ्या हाकेला उठून चुलीपाशी जाऊन बसल्या.

आत्यांनी लग्नानंतर नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. ते देवाचंही नाव, म्हणून देवाचंही घेत नसत. औंढ्याला दरवर्षी दर्शनाला जायच्या, पण 'औंढ्याचा देव' म्हणायच्या. शिवरात्रीला सगळे गजर करायचे तेव्हा त्यांचे फक्त हात वर जायचे.

संध्याकाळी त्या माझ्याजवळ आल्या. "बाई, त्या मशीनीत तेबी टाक."

"काय, आत्या?"

"ते. त्या लाथा खानाऱ्याचं." आणि थोडं थांबून, "मला आयकवत न्हाई माय. इतक्या वर्साचं, मी तोंडातून काढलं न्हाई, अन तो मेला लाथा घालून राहिला त्या नावाला."

मी टाकलं. यादी सगळ्या सिनेमांना एकच होती. मी त्यांना म्हणाले, हा सिनेमा झाला की काढते. आत्या म्हणाल्या, "काढू नकोस. पुन्यांदा दुसऱ्या पिच्चरमधी आलं तर?" तेव्हा ते नाव यादीच्या तळाशी राहिलं, त्या सगळ्या शब्दांच्या खाली.

त्याच हिवाळ्यात वसमतच्या त्या कॉलेजची जाहिरात आली. मुलाखत शिवरात्रीनंतरच्या सोमवारी होती. हे पेपर घेऊन आले, पण मामांना सांगताना ह्यांचं नेहमीसारखं खाली बघणं सुरू झालं. मी दारात उभी होते. मामांनी पेपर हातात घेतला, उलटा सुलटा केला, आणि दाराकडं न बघता पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "यंदा हळद शिजून राहिली, मला औंढ्याला जाता यायचं न्हाई. शिवरात्रीला देवाचा पिच्चर अंगनात लावायचा. गाव बोलावलाय. तो होऊ दे. मग बघू."

पहिल्यांदाच त्यांच्या 'बघू'ला एक दिवस ठरला होता. मी त्या रात्री पेटीतून प्रमाणपत्र काढलं आणि पुन्हा ठेवलं.

देवाचा सिनेमा जुना पौराणिक होता. एका भक्ताची गोष्ट. परदेशातल्या लोकांसाठी काढलेली नवी प्रत, त्यामुळं खाली इंग्रजी ओळी, फाईलही आयती मिळाली. यात शिव्या असायचं कारण नव्हतं, म्हणून मी तपासला नाही. शिव्यांची गाळणीही बंद ठेवणार होते. पण मामांनी निरोप दिला, "मशीन चालू ठेव. गावच्या आयाबाया येनार. आपल्या घरचं सगळ्यांना दिसू दे." शिवरात्रीला भगर, रताळी, पाण्याच्या घागरी, सतरंज्या यांत मी इतकी गुंतले होते की संगणकापाशी उभ्या उभ्या चालू केलं आणि आत गेले. यादीच्या तळाशी काय आहे, ते त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही.

दिवेलागणीला अंगण भरलं. वाळत घातलेली हळद एका बाजूला लोटून जागा केली होती, तिचा वास सगळीकडं. टीव्ही आणि संगणक ओसरीत आणले होते. त्यांच्या पुढं ओसरीभर पुरुष, पाय पसरून बसलेले. अंगणात बायका आणि लेकरं. आम्ही घरच्या दारात. आत्या चौकटीला टेकून, हात जोडून.

पहिलंच दृश्य देवळाचं. हजारो लोक, हात वर, तोंडं उघडी. आणि आवाज नाही.

यादीचा तळ मला तेव्हा आठवला. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनाही कळलं होतं.

भक्तानं पिंडीपुढं हात जोडून हाक मारली. गप्प. त्याच्या आईनं हाक मारली. गप्प. राजा म्हणाला, कोण आहे तुझा देव? एवढं स्वच्छ ऐकू आलं. भक्तानं उत्तर दिलं, आणि गप्प.

"आवाज गेला का हो?"

"गेला न्हाई, येतो जातो."

"देवाचं नाव आलं की जातो, बघा की."

ओसरीतला एक म्हातारा हसून म्हणाला, "पाटील, तुमचं मशीन शिवी आली की मुकं व्हतं म्हनत व्हते ना तुमी? मग हे काय धरून राहिलं?"

अंगणातल्या लेकरांना मात्र वेगळीच मजा सापडली. पुढच्या गप्प जागी एका पोरानं गजर केला. त्याच्या पुढच्या जागी सगळ्यांनी. मग बायांनी. पडद्यावर ओठ हलायचे आणि आमचं अंगण तो गजर भरून द्यायचं. शिवरात्रच होती, कुणाला त्यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. पण त्यांतल्या निम्म्या बाया नात्यानं मामांच्या सुना लागायच्या, ज्यांनी त्यांच्यापुढं ते नाव जन्मात घेतलं नव्हतं, आणि त्या हात वर करून ओरडत होत्या. मामा बाजेवर ताठ बसले होते. जाऊनं पदराचा बोळा दातांत धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

हे उठून संगणकापाशी गेले. दोन चार कळा दाबल्या. चित्र मोठं झालं, लहान झालं, एकदा गेलं आणि आलं. ह्यांना फक्त सुरू करायची कळ माहीत होती. ह्यांनी दाराकडं पाहिलं. कोणतं बटण, हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. आणि माझ्या नि त्या खुर्चीच्या मध्ये अख्खी ओसरी होती, गावच्या पुरुषांचे पसरलेले पाय. मी चौकट धरून उभी राहिले. बंद करणं माझ्या दोन बोटांचं काम होतं आणि मला तिथवर जाता येत नव्हतं. सोमवारची मुलाखत मला माझ्या डोळ्यांपुढून जाताना दिसली.

तेव्हा मामा खाकरले.

त्या खाकरण्यानं मी सवयीप्रमाणं मागं सरले, पदर ओढला. पण मामांनी हात पुढं केला आणि ओसरीतल्या माणसांना म्हणाले, "पाय घ्या वर." मग दाराकडं, "सूनबाई, ये. तुझं तू बघ."

पाय वर झाले. मधून वाट निघाली. मी त्या वाटेनं गेले आणि खुर्चीवर बसले. मामांच्या समोर मी खुर्चीवर कधीच बसले नव्हते. गाळणी नुसती बंद करता आली असती, पण घाईत मी यादीच उघडली. संगणकाचा पडदा म्हणजे टीव्हीच, तेव्हा ती यादी अख्ख्या अंगणापुढं उघडली. मोठाल्या इंग्रजी अक्षरांत. शाळेचे गुरुजी पुढंच बसले होते. त्यांनी चष्मा सावरून पहिल्या ओळी ओठांनी वाचल्या आणि मग ते आकाशाकडं बघू लागले. बाकी कुणाला ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, ही देवाचीच कृपा.

"कोनता शबूद अडला?" मामांनी विचारलं.

मला तो शब्द उच्चारता येत नव्हता. मी तळाच्या ओळीवर बाण नेऊन ठेवला. गुरुजी उठून मामांच्या कानाशी हळू बोलले, पण ओसरी इतकी शांत होती की सगळ्यांनी ऐकलं. "दादा, तुमचं नाव हाय तिथं."

मी ती ओळ पुसली. सिनेमा पुढं सुरू झाला आणि देवळातला गजर मोठ्यानं बाहेर आला. त्याच्यात अंगणातलं कुणीही सूर मिळवला नाही.

माणसं पांगल्यावर मामा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. खाकरले नाहीत. आम्हाला पदर सावरायलाही वेळ मिळाला नाही.

"शिव्यांच्या यादीत माझं नाव कुनी घातलं?"

मी खाली बघत राहिले. आत्यांचं नाव सांगणं मला शक्य नव्हतं. न सांगितलं तर सगळं माझ्यावर येणार होतं आणि ते येऊ द्यावं असं मी ठरवत होते. तेवढ्यात चुलीकडून आत्या बोलल्या.

"म्या सांगितलं तिला."

मामा वळले. "तू?"

"त्या पिच्चरमधी लाथा घालत व्हते तुमच्या नावाच्या मानसाला. म्या काय आयकत बसू?"

"मग मला सांगायचं."

"कसं सांगू? तुमचं नाव घेऊन?"

मामा परत वळले. मग हसल्यासारखा काहीतरी आवाज झाला, पण चेहरा अंधारात होता, मला खात्री नाही. ते ओसरीत जाऊन बसले. चहासाठी खाकरलेही नाहीत. आत्यांनी तरी चहा नेऊन दिला.

मधले दिवस कुणी मुलाखतीचा विषय काढला नाही. मामा सकाळीच हळदीच्या कढईकडं जायचे. संगणकावर आत्यांनी फडकं टाकून ठेवलं. मीही काही विचारलं नाही. पारावर लोक अजून त्या गोष्टीवर हसत होते, अशा वेळी माझ्या नोकरीचं काय तोंडानं काढणार? मी मनातून ते सोडून दिलं होतं, आणि सोडल्यावर थोडं हलकं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी मामा जोडे घालत होते. आत्यांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "शिवरात्र झाली."

"हां?"

"शिवरात्र होऊ दे म्हनले व्हते तुमी. झाली."

मामांनी पाणी प्यायलं. तांब्या खाली ठेवला. फाटकाबाहेर जाऊन एसटीच्या रस्त्याकडं पाहिलं, परत आले, आणि ओसरीतून आत ऐकू जाईल असं म्हणाले, "भाकरी बांधा. दोघांची."

जाऊनं माझ्या हातातला पीठ लागलेला तवा काढून घेतला. "जा. रविवारचा पिच्चर मी लावते. कळ म्हाईत हाय मला. न्हाई लागली तर मीच खाकरीन."

कॉलेजचा लिंब तोच होता, थोडा मोठा झालेला. मामा तिथंच बसले. मुलाखत लांबली, आणि मी बाहेर आले तेव्हा ते झाडाला टेकून पेंगत होते. फडकं मांडीवर तसंच. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "जमलं का?" मी मान हलवली. त्यांनी फडकं सोडलं.

नोकरी पूर्ण म्हणावी अशी नव्हती. आठवड्यात तीन दिवस, तासावर. येताना एसटीत मामांनी सगळं ठरवून टाकलं, "तीन दिस कॉलेज. बाकीचे दिस हळद. पिच्चर तपासायचं आईतवारच्या आधी व्हईल." मी "व्हय" म्हटलं. म्हणजे मी सुटले नव्हते. मी आणखी दोन वर्षं हेडफोन लावून त्या शिव्या वेचल्या, मग घरोघर टीव्हीच इतके झाले की एकत्र बसणंच संपलं. पण त्या तीन दिवसांत मी खुर्चीवर बसायची, आणि समोर पोरंपोरी माझ्याकडं बघत असायची, आणि मला खाली बघावं लागत नव्हतं.

पहिल्या दिवशी कॉलेजातून परत आले, तेव्हा दिवस कलला होता. एसटीतून उतरून फाटकापाशी पोचले. आत ओसरीत कुणाकुणाचे पाय पसरलेले असतील, कोण पाहुणा आला असेल, काही दिसत नव्हतं. मी तशीच थांबले. काय करावं कळेना. मग मी खाकरले.

आत बाज करकरली. कुणीतरी पाय वर घेतल्याचा आवाज आला.

"ये, ये," मामा म्हणाले. "कुनी न्हाई. मी एकटाच हाय."